किट्टूरावांचं ‘अनियायम्’

“चेन्नईत दोन दिवस आहोत, काय खायचं आणि काय बघायचं?” असं कुणी विचारलं की किट्टूराव आधी भडकायचे. मग विचारणाऱ्याला बसायला खुर्ची द्यायचे. आणि मग उलट प्रश्न करायचे, “सकाळी उठता केव्हा?”

‘उन्हं वर आल्यावर’ अशा अर्थाचं काही उत्तर आलं, की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. “मग कशाला येता? मैलापूर बघायचं ते उन्हाच्या आधी. महाबलिपुरमच्या दगडावर अनवाणी चालायचं तेही उन्हाच्या आधी. पोंगल खायचं ते तर पहिल्या वाफेचंच. उशिरा उठणाऱ्याला मद्रास नाही मा. त्याला फक्त घाम.”

त्यानंतर चौकशी सुरू. बरोबर कोण कोण आहे? गुडघे कुणाचे दुखतात? साखर कुणाला आहे? चपातीशिवाय रडणारे किती? उपास कुणाचा? हे सगळं कळल्याशिवाय ते एकाही हॉटेलाचं नाव घ्यायचे नाहीत. लिहून द्या म्हटलं तर ठाम नकार. “तुम्ही कागद बघत चालणार, गाव कधी बघणार? मी येतो.” आणि खरंच यायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. प्लॅस्टिकच्या कपातून कॉफी पिणाऱ्या माणसाकडे ते आजाऱ्याकडे बघावं तसे बघायचे.

त्यांचं खरं नाव कृष्णराव. तमिळमध्ये कृष्णाचा लाडाने किट्टू होतो, आणि म्हातारपणीही तो किट्टूच राहतो. घराणं तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले मराठी लोक. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात, नकाशे काढायच्या विभागात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर नंगनल्लूरला दुमजली घर बांधलं. त्याच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहायचो. आम्ही दोघी पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यात उभी राहून फोनवर आईकडे तक्रार करत होते, की नळाला पाणी नाही, घर दलालाने दिलंय, मालक कोण आहे कुणास ठाऊक. खालून आवाज आला, “मालक इक्कडे आहे! मोटर लावलोय मा, आईला सांग!”

मी जिन्यातच खाली बसले. तोवर त्या शहरात मराठी बोलणारं घर आपल्या पायाखाली असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांचं मराठी वेगळं होतं. ‘म्हणजे’ला ते ‘मणजे’ म्हणत, ‘सगळे’ला ‘अस्के’, आणि ‘पाहिजे’ऐवजी ‘होणा’. “कॉफी होणा?” असं विचारलं की सुरुवातीला आम्ही गोंधळायचो. मग कळलं, आणि मग आम्हीच एकमेकींना “कॉफी होणा?” म्हणायला लागलो. बोलताना चाल तमिळची, वाक्याच्या शेवटी आमच्यासाठी ‘मा’, आणि सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचा तो शब्द. अन्यायाला तमिळमध्ये ‘अनियायम्’ म्हणतात. कॉफी कोमट आली, अनियायम्. रिक्षावाल्याने लांबचा रस्ता घेतला, अनियायम्. कुणी पानावरचं अर्धं टाकून उठलं, तर दोन्ही हात वर करून, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं, “अनियाऽऽयम्!” त्यांची बायको, कमलाक्का, शांतपणे सांगायची, “राग आला की ह्यांना भूक लागते. मणून दिवसातून चारदा राग येतो.”

त्या वर्षांत आमच्या ऑफिसात लग्नांची एक नवीनच तऱ्हा निघाली होती. मुलगा कोल्हापूरचा नाहीतर नाशिकचा, मुलगी चेन्नईची, ओळख ट्रेनिंगमधली. मग मुलाकडचं वऱ्हाड रेल्वेने इकडे यायचं आणि ईस्ट कोस्ट रोडवरच्या कुठल्या तरी रिसॉर्टमध्ये उतरायचं. ह्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणायचं असं आम्हीही नुकतंच शिकलो होतो. किट्टूरावांना तो शब्द कळला तेव्हा ते म्हणाले, “डेस्टिनेशन मणजे पोचायचं ठिकाण. हे लोक पोचतात कुठे? एसीच्या खोलीत. तिथून परत स्टेशनवर. मधलं गाव कुठे गेलं?”

तर ते मधलं गाव दाखवायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. आमच्या ऑफिसातल्या मराठी मुलांमध्ये त्यांचं नाव पसरलं. लग्न ठरलं की मुलं हॉलच्या आधी किट्टूकाकांची तारीख धरायची.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती एका नाशिकच्या वऱ्हाडाबरोबर, मैलापूरला. देवळामागच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात ते सगळ्यांना घेऊन गेले. केळीच्या पानावर पोंगल, म्हणजे तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी, त्यावर तुपात तळलेली मिरी, वडा, चटण्या. प्रत्येकाने दोनदा मागून घेतलं इतकं ते चांगलं होतं. एका तरुणाला आणखी चटणी हवी होती. त्याने चुटकी वाजवली आणि सिनेमात ऐकलेल्या सुरात ओरडला, “ए अण्णाऽ, चटणी लाव, अय्यय्यो!” टेबलावरचे दोघं-तिघं हसले.

किट्टूराव हातातला घास खाली ठेवून त्याच्याकडे वळले.

“अण्णा मणजे काय, ठाऊक आहे?”

“म्हणजे... वेटर?”

“मोठा भाऊ. तुमच्या घरी मोठ्या भावाला चुटकी वाजवून बोलावतात?”

तो मुलगा लाल झाला. त्याच्या वडिलांनी काहीतरी सारवासारव केली, पण किट्टूराव तोवर वाढणाऱ्या माणसाला तमिळमध्ये चटणी सांगून मोकळे झाले होते आणि पुन्हा पोंगलकडे वळले होते. त्यांचा राग असाच. ज्याच्यावर काढायचा त्याच्या तोंडावर काढायचा. पाठीमागे मी त्यांना कुणाबद्दल वाईट बोलताना ऐकलं नाही.

मात्र ते सोवळे नव्हते. पाहुण्यांनी उत्तरेकडचंच जेवण हवं असा हट्ट धरला, तर त्यांना घेऊन ते जॉर्ज टाउनला जायचे. तिथे मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. चकलीच्या चकत्यांमध्ये काकडी-टोमॅटो घालून केलेलं सँडविच तिथे मिळतं. “हेही मद्रासच. राजस्थानातून आले, आमची मुरुक्कु घेतली, त्यांची चटणी लावली. बघा, भांडण नाही.” पुढे समुद्राकडच्या रस्त्याला बर्म्याहून परत आलेल्या तमिळ लोकांच्या गाड्या लागायच्या. ते तिकडच्या पद्धतीच्या शेवया हातानेच कालवून द्यायचे. त्यात अंडं असायचं म्हणून किट्टूराव स्वतः त्या खायचे नाहीत. पाहुण्यांना खाऊ घालायचे आणि शेजारी उभे राहून म्हणायचे, “युद्धात अस्के घर-दार टाकून चालत आले हे लोक. काय आणलं बरोबर? ही शेवई. घर नाही आणता येत मा. चव आणता येते.”

आणि सांबार मूळचं मराठ्यांचं, ही गोष्ट कुणी त्यांना कौतुकाने सांगायला गेलं तर संपलंच. प्रत्येक वऱ्हाडात एकजण ती सांगायचा, आणि किट्टूराव ओरडायचे, “कुणाचं ते कशाला? गरम आहे का ते विचारा!”

अद्वैतच्या लग्नाची गोष्ट सांगायची म्हणून मी खरं तर लिहायला बसले आहे. ती आठवली की अजून माझं डोकं तापतं.

अद्वैत आमच्या टीममधला, कोल्हापूरचा. मुलगी इथलीच. लग्न महाबलिपुरमच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये. सुनामीला दोन-तीन वर्षं झाली होती. किनाऱ्यावर पुन्हा नवी कुंपणं, नवी हिरवळ, नव्या पाट्या आल्या होत्या. लग्नाची सगळी व्यवस्था एका कंपनीकडे दिली होती. त्यांचा व्यवस्थापक सूट घालून, कानाला फोन लावून फिरायचा, आणि पाहुण्यांना कुठे न्यायचं हेही त्यानेच ठरवलेलं होतं. त्याच्या बेताप्रमाणे पहिल्या दिवशी बस निघाली ती सरळ टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानापुढे थांबली आणि तिथून हलेचना. किट्टूराव बसमध्ये पुढच्या सीटवर होते. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, म्युझियम केव्हा? ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, साड्या घेऊन झाल्यावर वेळ उरला तर.

“अनियायम्! ह्या लोकांनी हजार मैलांवरून येऊन कपाट बघायचं?”

आणि ज्यांना साड्या घ्यायच्या नव्हत्या त्यांना त्यांनी खाली उतरवलं, लोकल ट्रेनने एग्मोरला नेलं, आणि म्युझियममधल्या कांस्यमूर्तींसमोर उभं केलं. अद्वैतची शोभामावशी त्यात होती. कागलची, ठसठशीत बाई, मोठं कुंकू. ती नटराजासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “एका पायावर किती वर्षं उभा आहे हा. आपले गुडघे कसले दुखतात!” किट्टूराव खूश झाले. बाई त्यांना आवडली.

परतल्यावर रिसॉर्टच्या बागेत चहा होता. अद्वैतचे पुण्याचे काका, वसंतराव, साड्यांच्या दुकानातून परतले होते. किट्टूराव कुणाला तरी उद्याचं सांगत होते, “महाबलिपुरमला सकाळी अस्के चला. टोपी होणा, पाणी होणा.” वसंतरावांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अहो, तुमचं मराठी भारी आहे हो! मराठी चॅनलवर मद्रासी माणसाची नक्कल करतात ना, अगदी तसं. परत एकदा म्हणा ना, होणा!”

काही लोक हसले. मी किट्टूरावांकडे बघितलं. आता फुटणार असं मला वाटलं. मला तर ते हवंच होतं. पण ते फुटले नाहीत. खाली बघत त्यांनी पेला पुसला, पिशवीत ठेवला, आणि त्यानंतर इंग्रजीत बोलायला लागले. ऑफिसातलं, सपाट, बिनचूक इंग्रजी. “The bus will start early. Kindly bring water.” संध्याकाळभर त्यांच्या तोंडून एक मराठी शब्द निघाला नाही. मीही मराठीत काही विचारलं तर उत्तर इंग्रजीत.

मला त्या वसंतरावांचा इतका संताप आला होता की काय सांगू. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची नातवंडं मराठीत आकडे मोजू शकत नव्हती. आणि ज्या माणसाच्या घरात, तमिळच्या मधोमध, शाळेत नाही, बाजारात नाही, फक्त जेवणाच्या पाटावर ही भाषा टिकली, त्याला हे लोक नकलाकार ठरवत होते.

जेवणाच्या वेळी शोभामावशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “किट्टूराव, तुमचं इंग्रजी मला कळत नाही. तुमचं मराठी कळतं. उद्याचं मला मराठीत सांगा.”

त्यांनी पिशवीतून पेला पुन्हा बाहेर काढला. मग म्हणाले, “टोपी होणा ताई. पाणी होणा.” आणि मग हळूच, “आणि समुद्रात पाय घालायचा नाही.”

हे शेवटचं ते प्रत्येक वऱ्हाडाला सांगायचे. तिथला समुद्र दिसायला सरळ असतो. पण आत वाळूचे उंचवटे आणि खळगे असतात, लाट परतताना पायाखालची वाळू काढून घेते आणि ओढ एकदम आत खेचते. कोळ्यांची मुलंसुद्धा तिथे नेमक्या जागीच उतरतात. रिसॉर्टच्या मागे वाळूत एक लाल पाटी होती, पोहू नका, मृत्यूचा धोका, अशी, तीन भाषांत. त्या संध्याकाळी किट्टूरावांना ती दिसली नाही. शोधत गेले तर स्वयंपाकघराच्या मागे, रिकाम्या नारळांच्या ढिगाजवळ आडवी टाकलेली. फोटोसाठी जो मांडव घातला होता, त्याच्या मागे ती दिसत होती म्हणून काढलेली.

त्यांनी स्वतः ती ओढत नेऊन वाळूत रोवली. व्यवस्थापक धावत आला.

“सर, प्लीज. फोटोत येते ती. लग्नाच्या जागी ‘मृत्यू’ लिहिलेली पाटी बरी दिसते का?”

“नाही दिसत. म्हणून तर लिहिलंय.”

“आमचे गार्ड आहेत, सर. तुम्ही पाहुण्यांना घाबरवू नका.”

सकाळी महाबलिपुरम बघून आलो, तर पाटी पुन्हा नारळांजवळ पडलेली होती. गार्ड फाटकावर गाड्या लावत होते.

शोभामावशीचा मुलगा रोहित, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुहूर्ताला वेळ होता. तो आणि त्याचे दोन मित्र गुडघाभर पाण्यात उतरले. लाट आली, बाकीचे दोघे हसत मागे पळाले, रोहित मागे आला नाही. आम्ही बागेत होतो. आधी ओरडणं ऐकू आलं, मग त्याचं डोकं दिसलं, इतकं लांब की माझा विश्वास बसेना. गार्ड काठावर शिट्ट्या वाजवत उभा. त्याला पोहता येत नव्हतं.

शेजारच्या कोळीवाड्यातले लोक जाळी सोडवत बसले होते. एळुमलै नावाचा एक मध्यमवयीन माणूस आणि आणखी दोघे फायबरची बोट ढकलत आत गेले. बोट लाटेवर उभी राहिली, एळुमलैने उडी मारली, रोहितच्या केसांना धरलं. त्याला बोटीत चढवताना एळुमलैचा खांदा बोटीच्या कडेवर आपटला. किनाऱ्यावर आले तेव्हा रोहित ओकत होता, जिवंत होता. एळुमलैचा हात लोंबत होता आणि तो दुसऱ्या हाताने रोहितची पाठ चोळत होता. शोभामावशी वाळूत बसून दोघांच्याही पायांना हात लावत होती.

किट्टूरावांनी आधी एळुमलैला पलीकडच्या गावातल्या डॉक्टरकडे नेऊन हात बांधून आणला. मग त्या तिघांना म्हणाले, लग्नाचं जेवण आहे, आमच्याबरोबर जेवायला या. ते लाजत होते. एळुमलैने घरी जाऊन धुतलेला शर्ट घातला, एक बाही गळ्यात अडकवलेल्या हातावरून नुसती टाकलेली. लग्न लागलं होतं. आत पंगत बसत होती.

फाटकावर गार्डने त्यांना अडवलं.

मी किट्टूरावांच्या मागेच होते. व्यवस्थापक आला. त्याने तिघांकडे बघितलं आणि किट्टूरावांना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, की हे शक्य नाही, रिसॉर्टचा नियम आहे, गावातल्या माणसांना आत सोडत नाहीत, शिवाय पाहुण्यांना वास...

“कसला वास?” किट्टूरावांनी मोठ्याने, तमिळमध्ये विचारलं. व्यवस्थापकाने फोन कानाला लावला.

मुलीचे वडील आले. चांगला माणूस, पण दमलेला, घाबरलेला. त्यांनी हात जोडले. “राव सार, भांडण नको. मी ह्यांच्यासाठी छान पार्सल बांधून देतो. सगळे पदार्थ. घरच्यांनाही पुरेल इतकं.”

“पार्सल?” किट्टूरावांचा आवाज चिरकला. “पोरगं ह्यांनी पार्सलनं पाठवलं का? हातात धरून आणलं ना? अनियायम् सार, हा अनियायम्!”

आजवर मी तो शब्द कोमट कॉफीसाठी ऐकला होता. 

ते वळले. फाटकाबाहेर सुरूच्या झाडांच्या सावलीत जाऊन वाळूवर मांडी घालून बसले, आणि तिघांना शेजारी बसवलं. “मला इक्कडे वाढा,” म्हणाले. वाढणाऱ्यांनी व्यवस्थापकाकडे बघितलं. कुणी हललं नाही.

मी आत पंगतीकडे गेले आणि शोभामावशीच्या कानात सांगितलं. तिच्या पानावर भात वाढलेला होता. तिने पान उचललं, भातासकट, दोन्ही हातांत धरलं, आणि जरीच्या साडीत तशीच फाटकाबाहेर चालत गेली. पान एळुमलैपुढे ठेवलं. मग ओरडली, “अद्वैत! तुझी मावशी बाहेर जेवणार आहे. तू बघ तुझं!”

अद्वैत उठला. मुंडावळ्या बांधलेल्या, गळ्यात हार. त्याच्या मागून त्याची बायको, मग आमचं ऑफिस, मग कोल्हापूरची माणसं, एकेक करत. मुलीकडचेही पुष्कळ. मग वाढणाऱ्यांनी बादल्या उचलल्या आणि तेही आले. एळुमलैला उजवा हात बांधलेला असल्याने खाता येईना. रोहित, अजून पांढराफटक, त्याच्या शेजारी बसून त्याला घास भरवत होता. एळुमलै लाजून हसत होता, आणि किट्टूराव वाढणाऱ्यांना सांगत होते, “रसम इक्कडे आण! ह्यांना तूप वाढलंस का? आणखी वाढ!”

वसंतराव बाहेर आले नाहीत. आत बसून त्यांनी पायसम संपवलं. मी बघितलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या व्यवस्थापकाच्या कंपनीने सगळीकडे सांगून ठेवलं, की तो म्हातारा भांडखोर आहे, लग्नात तमाशा करतो, वधूपित्याचा अपमान करतो. मुलांचे आईवडील बिचकले. पुढच्या लग्नांना “काकांना कशाला त्रास” असं म्हणत त्यांना टाळलं जाऊ लागलं. पाहुणे पुन्हा बसमध्ये बसून साड्यांच्या दुकानात जायला लागले. किट्टूराव मात्र पंचायतीत गेले, पोलीस चौकीत गेले, पाटी कायमची सिमेंटमध्ये बसवा म्हणून. सगळीकडे त्यांना खुर्ची मिळाली. पाटी मिळाली नाही. “रिसॉर्टची खाजगी बाब आहे सार.” समुद्र खाजगी कधी झाला, असं ते घरी येऊन कमलाक्काला विचारायचे.

पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावर इंदूरहून लग्नाला आलेली एक मुलगी बुडाली. नवरीची मैत्रीण. पेपरात चार ओळी आल्या, समुद्राचा अंदाज न आल्याने. किट्टूराव त्या ओळी वाचून उठले, सदरा घातला आणि चेंगलपट्टूच्या सरकारी इस्पितळात गेले. तिच्या माणसांना तमिळ येत नसणार, एवढंच म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले.

मुलीचे वडील व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. कालच्याच कपड्यांत, खिशाला लग्नाचं गुलाबाचं फूल अजून टाचलेलं. किट्टूरावांनी त्यांच्या बाजूने डॉक्टरांशी, पोलिसांशी बोलणं केलं, कुठे सही करायची ते दाखवलं, गाडी ठरवून दिली. मधे जाऊन कुठून तरी कॉफी आणली. वडिलांनी पेला हातात धरून ठेवला. मग हिंदीत म्हणाले, “हमें किसीने बताया ही नहीं.”

 किट्टूराव कॉफी गार होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.  घरी कमलाक्काने पान वाढलं, तर म्हणाले, “भूक नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. तिने हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दशक संपत आलं तेव्हा मी पुण्याला परतायचं ठरवलं. निघण्याच्या आधी ऑफिसची एक सहल महाबलिपुरमला गेली होती. परत येताना रविवारची संध्याकाळ, रस्ता गाड्यांनी तुंबलेला, आमची बस त्या रिसॉर्टजवळ मुंगीच्या पावलांनी चालली होती. खिडकीतून समुद्राकडे जाणारी वाळूची वाट दिसली. तिच्या तोंडाशी लग्नाच्या पाहुण्यांची एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली होती. मेंदी लावलेल्या मुली, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेली मुलं, सगळी समुद्राकडे निघालेली.

त्यांच्या समोर, वाटेच्या मधोमध, किट्टूराव उभे होते. खूप वाळलेले, सदरा अंगावर फडफडत होता. दोन्ही हात पसरून ते काहीतरी सांगत होते. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हते. एका मुलाने हसत मोबाइल काढून त्यांचा फोटो घेतला. दोघं-तिघं त्यांना वळसा घालून पुढे गेले. किट्टूराव वळून त्यांच्या मागे चार पावलं धावले, आणि पुन्हा परत आले, कारण बाकीचे अजून यायचे होते.

एक बाई तेवढी थांबली. तिने त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग लहान मुलीचा दंड धरून तिला मागे घेतलं आणि टेम्पोकडे परत वळली. किट्टूरावांनी तिच्या पाठीला वाकून नमस्कार केला.

मग आमची बस सुटली. मागच्या काचेतून बघितलं तेव्हा ते पुन्हा हात पसरून उभे होते, आणि टेम्पोतून आणखी मुलं उतरत होती.